चागोसचा कौल अजून लावायचा आहे

मॉरिशसमधल्या मराठी मंडळ्यांना आणि तिथल्या सगळ्या मराठी बांधवांना,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही. मी चिपळूणची. तुमच्यापैकी पुष्कळांचे पणजोबा-खापरपणजोबा रत्नागिरी, सातारा भागातून मुंबईला आले आणि मजुरीच्या करारावर, म्हणजे गिरमिटावर, अंगठा उठवून बोटीत चढले, त्यामुळे लांबून का होईना, गाववाले म्हणायला हरकत नसावी. आमच्या जाखडीला तुम्ही झाकरी म्हणता. गणेश चतुर्थीला तुमच्याकडे सरकारी सुट्टी असते. घरात क्रेओल बोलता आणि मराठी शाळेत शिकता, हेही ऐकून आहे. शेवटच्या गोष्टीसाठीच हे पत्र तुमच्या नावाने लिहिते आहे. तुमच्या पंतप्रधानांना लिहिलं असतं तर ते पत्र कुठल्या टपालात पडलं असतं, ते सांगायला नको.

गेल्या महिन्यात, २२ मे २०२५ला, ब्रिटन आणि मॉरिशस यांनी हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या करारावर सह्या केल्या. बेटं मॉरिशसची हे ब्रिटनने मान्य केलं. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरचा अमेरिकी तळ ९९ वर्षं तसाच राहील आणि त्यापोटी ब्रिटन वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड मोजेल. ताबा अजून जायचा आहे, कारण दोन्हीकडची संसदीय कामं बाकी आहेत. इकडच्या वर्तमानपत्रांत बातमी आली ती ‘भारताच्या मित्राचा विजय’ अशा थाटात. विजय आहेच, मीही तो मानते. पण सहीच्या आदल्या रात्री लंडनच्या न्यायालयात जे घडलं, त्याने मला झोप लागू दिली नाही. दिएगो गार्सियातच जन्मलेल्या दोन बायकांनी ऐन वेळी अर्ज केला: आम्हाला विचारलेलं नाही, सही थांबवा. मध्यरात्र उलटल्यावर न्यायाधीशांनी तात्पुरती मनाई दिली. दुपारपर्यंत ती उठली आणि सही झाली. एका सार्वभौम देशाला दुसऱ्याशी करार करण्यापासून त्या दोघींनी काही तास रोखून धरलं होतं.

माझी आजी कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावची. धरणग्रस्त हा शब्द तिला आवडायचा नाही. ‘ग्रहण लागल्यासारखा वाटतो,’ म्हणायची. गाव उठायच्या आधीची एक गोष्ट ती पुन्हापुन्हा सांगायची. देवीला हलवायचं तर तिची परवानगी हवी, म्हणून गुरवाने कौल लावला. मूर्तीला कळे चिकटवले आणि सगळं गाव पडवीत श्वास धरून बसलं. डावा पडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, पुन्हा डावा. तिसऱ्या दिवशी उजवा पडला तेव्हा कुठे देवी पालखीत बसली. ‘देवीला तीनदा विचारलं,’ आजी म्हणायची, ‘आम्हाला एकदाही नाही.’ कचेरीतून आला तो कागद, त्यावर तारीख. कचेरीचं नाव लिहीत नाही, तो कारकून आणि ती कचेरी दोन्ही आता उरलेली नाहीत.

चागोसच्या बाबतीत नेमकं हेच झालंय, आणि एकदा नव्हे. तारखांसकट मांडते, कारण इकडच्या वाचकांना दिएगो गार्सिया म्हणजे बॉम्बफेकी विमानांचा तळ एवढंच माहीत असतं. तिथे कोणी राहत होतं हे कानावरच नसतं.

सप्टेंबर १९६५. लंडनच्या लँकेस्टर हाऊसमध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू होत्या. मॉरिशसचे नेते सर शिवसागर रामगुलाम ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांना भेटायला जाणार, त्याआधी विल्सन यांना जी टिपणी देण्यात आली ती पुढे उघड झाली: स्वातंत्र्य मिळण्याची आशा दाखवा, आणि बेटं सोडली नाहीत तर ते कदाचित मिळणार नाही ही धास्तीही दाखवा. ८ नोव्हेंबर १९६५ला चागोस मॉरिशसपासून तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत उभी केली गेली. मॉरिशसच्या पदरात ३० लाख पौंड पडले. अमेरिकेने पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट दिली आणि ती गोष्ट आपल्या संसदेपासून दडवून ठेवली. मॉरिशस स्वतंत्र झाला १२ मार्च १९६८ला, बेटांशिवाय.

आता राहिली माणसं. पंधराशे ते दोन हजार. फ्रेंच मळेवाल्यांनी मादागास्कर आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेल्या गुलामांचे वंशज, नंतर आलेले थोडे भारतीय मजूरही. पाच-सहा पिढ्या तिथे गेलेल्या. नारळ फोडायचा, खोबरं वाळवायचं, मासे मारायचे. लंडनच्या अधिकाऱ्यांनी ठरवलं की ही माणसं कायमची रहिवासी नाहीतच, कंत्राटी मजूर आहेत. एकाने तर १९६६ साली लिहून ठेवलं की तिथे समुद्रपक्ष्यांखेरीज मूळ रहिवासी असणार नाहीत. उत्तरात दुसऱ्या अधिकाऱ्याने ‘टारझन’ आणि ‘मॅन फ्रायडे’ असे शब्द वापरून गंमत केली. या चिठ्ठ्या मिळाल्या तेव्हा ती गंमत करणाऱ्यांना काही भोगावं लागलं नाही.

रिटा बॅन्कूल्ट यांची हकीकत तुम्ही ऐकली असेल, तुमच्या राजधानीत, पोर्ट लुईत, ती सर्वांना ठाऊक आहे. पेरोस बॅन्योस बेटावर राहायच्या. १९६८ला धाकटी मुलगी नोएली गाडीच्या चाकाखाली येऊन जखमी झाली, म्हणून तिला घेऊन त्या पोर्ट लुईला आल्या. पोर वाचली नाही. परतीच्या बोटीची चौकशी करायला गेल्या तर सांगितलं, तुमचं बेट विकलं गेलंय, आता परत जाता येणार नाही. त्यांनी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं आणि त्याला अर्धांगाचा झटका आला. त्या घराचं मागे राहिलेलं सामान, कोंबड्या, चुलीवरची भांडी, सगळं बेटावरच.

जे बेटांवर होते त्यांच्यासाठी आधी धान्याची आणि औषधाची बोट विरळ केली. १९७१ला दिएगो गार्सिया रिकामं करताना बेटावरचे कुत्रे गोळा करून खोबरं वाळवायच्या भट्टीच्या खोलीत विषारी धुराने मारले. आपल्याच दारची कुत्री ती. माणसांना कळलं, पुढचा नंबर आपला. नॉर्डव्हेर नावाच्या बोटीत कोंबून त्यांना नेलं. पेरोस बॅन्योसवरचे शेवटचे १९७३ला निघाले. पोर्ट लुईच्या धक्क्याला लागल्यावर त्या खेपेच्या लोकांनी उतरायलाच नकार दिला. आमचं घर नाही, आम्ही का उतरायचं? चागोसियनांची पहिली चळवळ मला इथे दिसते, बोटीच्या डेकवर. क्रेओलमध्ये त्या दुःखाला सग्रें म्हणतात ना? ‘सग्रेंने गेला’ असं मृत्यूचं कारण सांगणाऱ्या बायका त्या समाजात अजून आहेत. आमच्याकडे ‘हाय खाल्ली’ म्हणतात.

इथपर्यंत दोष ब्रिटन-अमेरिकेचा. पुढचं तुमच्या देशाबद्दल आहे आणि लिहिताना मला संकोच वाटतो, कारण पाहुणीने यजमानाच्या घरची उणीव काढू नये.

१९७२ला ब्रिटनने या विस्थापितांसाठी मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले. ते माणसांच्या हातात पडायला जवळपास पाच-सहा वर्षं गेली, तोवर महागाईने त्यांची निम्मी किंमत खाल्ली होती. रोश बोआ, कासिस, पॉईंट ओ साब्लच्या पत्र्यांच्या झोपड्यांत माणसं मोलमजुरी करत राहिली. १९८१ला लिझेट तालात, शार्लेझिया अलेक्सी आणि त्यांच्या सोबतच्या बायका ब्रिटिश उच्चायुक्तालयासमोर बसल्या, उपोषणाला बसल्या. पोलिसांशी झटापट झाली, काही जणींना अटक झाली. अटक करणारे पोलीस मॉरिशसचे होते. दोन सरकारांचे संबंध बिघडू नयेत म्हणून तिसऱ्याच्या पाठीत काठी. १९८२ला तडजोड झाली: ४० लाख पौंड आणि कागदांवर अंगठे. कागद इंग्रजीत, अंगठे क्रेओल बोलणाऱ्यांचे. परत जायचा हक्क सोडल्याचं त्यात लिहिलं होतं, हे अनेकांना नंतर कळलं. गिरमिटाच्या कागदावरही असंच काही होतं ना, जे तुमच्या पणज्यांना वाचता आलं नव्हतं?

त्यामुळे इंग्लंडमधल्या क्रॉलीत राहणारी एखादी चागोसियन बाई म्हणते की मला पोर्ट लुईचं राज्य नको, तेव्हा ती ब्रिटनची हस्तक नसते. तिचा अनुभव बोलत असतो. २००२ला ब्रिटनने नागरिकत्व दिल्यावर हजारो मैलांवरून गॅटविक विमानतळावर उतरून जवळच्याच क्रॉली गावात राहिलेले हे लोक. त्यांच्यातही एकमत नाही, असायचं कारणही नाही. रिटाबाईंचा मुलगा ओलिव्हिए बॅन्कूल्ट आणि त्यांचा गट कराराच्या बाजूने आहे. याच माणसाने २०००मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात ब्रिटिश सरकारला हरवलं होतं, आणि २००४मध्ये सरकारने संसदेला वळसा घालून राजाज्ञेने तो निकाल मोडला होता. पुढे २००८ला हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये ते तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. ब्रिटनच्या न्यायावर त्यांचा भरवसा का नाही, ते कळतं. आणि क्रॉलीतल्यांचा पोर्ट लुईवर का नाही, तेही.

मॉरिशसच्या बाजूची कायद्याची बाब भक्कम आहे. २५ फेब्रुवारी २०१९ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध १ असं मत दिलं की बेटं तोडणं बेकायदा होतं. बहुमतात आपले भारतीय न्यायाधीश दलवीर भंडारीही होते. त्याच वर्षी २२ मेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६. विरोधातल्या सहांत ब्रिटन-अमेरिकेसोबत शेजारची मालदीवही होती, कारण समुद्राच्या हद्दीचा तिचा वेगळा वाद होता. मग चुरस सुरू झाली. २०२१ला जागतिक टपाल संघटनेने बेटांच्या नावाची ब्रिटिश तिकिटं बाद केली. फेब्रुवारी २०२२ला मॉरिशसने ‘ब्लू द निम’ या बोटीतून समुद्रतळाची पाहणी करायला म्हणून माणसं पाठवली आणि पेरोस बॅन्योसच्या किनाऱ्यावर झेंडा रोवला. बोटीत बॅन्कूल्ट होते, आणि ज्यांची साक्ष हेगला पडद्यावर दाखवली गेली त्या लिझबी एलिझे होत्या. इतक्या वर्षांनी गावच्या वाळूवर पाय ठेवलेल्या त्या म्हाताऱ्यांचे फोटो मी पाहिलेत. गुडघ्यावर बसून वाळूचं चुंबन घेत होते. झेंड्याचा फोटो मात्र जास्त छापला गेला.

त्याच चुरशीत, २०२१मध्ये, तुमच्या संसदेने फौजदारी कायद्यात एक कलम घातलं. मॉरिशसच्या सार्वभौमत्वाचं ‘चुकीचं चित्रण’ केलं तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड. मॉरिशसबाहेर केलं तरीही. कायद्याचा रोख परकी सत्तेच्या वतीने नकाशे, तिकिटं, नाणी काढणाऱ्यांवर आहे, हे तुमचे वकील मला सांगतील. पण कायदा वाचून घाबरतो तो नकाशे छापणारा नाही. घाबरते ती बाई, जिला बहिणीच्या लेकाच्या लग्नाला रोश बोआला यायचंय आणि जिने लंडनच्या मोर्चात ‘चागोस चागोसियनांचं’ असा फलक धरलाय. सभेला भाड्याने घेतलेला हॉल नगरपालिकेचा होता, मग ही परकी मदत झाली का? तिने कोणाला विचारायचं? बेटांचा ताबा मिळण्याआधीच त्या बेटांच्या माणसांच्या तोंडावर बोट ठेवणारं हे कलम. ब्रिटनमधल्या कराराच्या विरोधकांना याहून मोठी भेट देता आली नसती. त्यांच्यातल्या कितीकांना चागोसियनांचा पुळका आलाय तो तळासाठी, हे मलाही दिसतं.

इथे एक आमच्या घरचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई दुसऱ्याचंच बघते. तुमच्याच देशातल्या अगालेगा बेटावर भारताच्या पैशाने बांधलेली धावपट्टी आणि धक्का २९ फेब्रुवारी २०२४ला सुरू झाले. तिथे जेमतेम तीनशे माणसं. चागोसचं काय झालं ते त्यांना पाठ आहे, म्हणून ती विचारतात, आमचंही तसंच होणार का? दिल्लीने आणि पोर्ट लुईने नाही म्हटलंय. माझा विश्वास आहे. पण अगालेगाच्या एका ओसरीवर बसून ते कोणी सांगितलंय का, तेवढं मला ठाऊक करून घ्यायचंय.

करारात चागोसियनांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी आहे, तो मॉरिशस सांभाळणार. दिएगो गार्सिया सोडून बाकीच्या बेटांवर पुनर्वसन करायची मॉरिशसला मोकळीक आहे. मोकळीक, बंधन नव्हे. पुनर्वसन हा शब्द आमच्याकडे पिढ्यानपिढ्या वापरात आहे, आणि त्यापुढे ‘करण्यात येईल’ आलं की आम्ही पुढचं पान उलटतो. साठ वर्षं झाली, कोयनेची माणसं अजून दाखल्यांसाठी मोर्चे काढतात.

विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? इथे गोव्याची आठवण काढते, मराठी माणसाला जरा टोचणारी. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल घेतला गेला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. मराठी बाजूला खात्री होती. भाऊसाहेब बांदोडकरांचा विलीनीकरणवादी पक्ष निवडून येऊन सत्तेत आला होता, मग वेगळं विचारायचं कशाला, असं म्हणणारे आमच्यात पुष्कळ होते. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. आम्ही हरलो. माझ्या आजोबांनी त्या दिवशी जेवण टाकलं होतं म्हणे. पण आज गोव्याशी आमचं भांडण मासळीच्या भावावरून होतं, म्हादईच्या पाण्यात तर कर्नाटकच जास्त पुढे. ‘आम्हाला न विचारता घेतलं’ हे वाक्य गोवेकर आम्हाला ऐकवत नाही. आजीच्या देवीचा कौल आणि गोव्याचा कौल, शब्द एकच आहे हे मला फार उशिरा लक्षात आलं. डावाही पडू शकतो, हे मान्य असेल तरच त्याला कौल म्हणायचं.

चागोसियनांची संख्या काही हजार. मॉरिशस, सेशेल्स, ब्रिटन या तीन देशांत विखुरलेले. त्यांना एकेकाला विचारायला एक महिना पुरेल. विचारून त्यांनी मॉरिशस म्हटलं, तर हेगच्या निकालाला जे वजन नव्हतं ते या हक्काला येईल. बहुतेक तसंच म्हणतीलही, परत न्यायची तारीख आणि बोट दाखवली तर.

तुम्हालाच का सांगते? तुमच्या राज्यघटनेने माणसांचे चार कप्पे केलेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे. मराठी म्हणून तुमचा वेगळा कप्पा नाही, तुम्ही ‘हिंदू’त जमा. तरी शाळेत मराठी विषय हवा, गणपतीची सुट्टी हवी, म्हणून तुमच्या आधीच्या पिढीने अर्ज-विनंत्या केल्या, दारं ठोठावली. मोठ्या आकड्यात विरघळून जाणं काय असतं ते तुम्ही भोगलंय. चागोसियन ‘उरलेल्या’त जमा आहेत. शिवाय तुम्ही त्यांच्याशी बोलू शकता. लंडनच्या वकिलाला दुभाषा लागतो, मला लागेल, तुम्हाला लागत नाही.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. तुमच्या मंडळ्यांनी सरकारला लिहावं की ताबा घ्यायच्या आधी ते २०२१चं कलम मागे घ्या, निदान चागोसियन वंशाच्या कोणावरही ते लावणार नाही असं कायद्यातच लिहा. दुसरं, त्या ४ कोटींच्या निधीच्या कारभारात क्रॉलीच्या आणि सेशेल्सच्या माणसांनाही जागा असावी, कराराला विरोध केलेल्यांनासुद्धा. तिसरं मागणं सरकारकडे नाही. यंदा २७ ऑगस्टला चतुर्थी आहे. तुमच्या एखाद्या मंडळात पॉईंट ओ साब्लच्या चार म्हाताऱ्यांना बोलवा. भाषणं नकोत, हार नकोत. आरतीनंतर मोदक हातावर ठेवा आणि शेजारी बसून विचारा, पेरोस बॅन्योसला तुमचं घर कुठल्या बाजूला होतं, विहीर कुठे होती. आजीला असं कोणी विचारलं की ती तासभर हाताने वाटा दाखवायची, पाण्याखाली गेलेल्या.

त्या काय म्हणाल्या ते मला कळवा. मराठीतच लिहायला हवं असं नाही, क्रेओलमध्ये लिहिलंत तरी चालेल. चिपळूणला ते वाचून दाखवणारं कोणी सापडेपर्यंत मी जपून ठेवीन.

आपली,
कोयनेच्या एका बुडालेल्या गावची नात
चिपळूण, जून २०२५